गोदावरीपलीकडे गेलेला राजा

मांडूच्या जहाजमहालाच्या गच्चीवर उभं राहिलं की दोन्ही अंगांना पाणी दिसतं. एकीकडे कपूर तलाव, दुसरीकडे मुंज तलाव. ज्या वाक्पती मुंजाचं नाव या तलावाला आहे, त्या परमार राजाला मरण मात्र माळव्यात आलं नाही. तो दक्षिणेत, चालुक्य तैलपाच्या कैदेत गेला.

मेरुतुंग या जैन साधूच्या 'प्रबंधचिंतामणी'त (1305) त्याची कथा आहे. तैलपाला सहा वेळा हरवलेला मुंज, प्रधान रुद्रादित्य नको म्हणत असताना गोदावरी ओलांडून गेला आणि सापडला. कोठडीत तैलपाची बहीण मृणालवती हिच्यावर त्याचा जीव जडला. सुटकेच्या भुयाराचं गुपित त्यानं तिला सांगितलं, तिनं ते भावाच्या कानावर घातलं. मग राजाला दोरीनं बांधून दारोदार भीक मागायला लावलं आणि शेवटी मारलं.

या फरफटीत त्याच्या तोंडी अपभ्रंश दोहे येतात. त्यांत शत्रूला शिव्याशाप फारसे नाहीत. दोरीला बांधलेल्या माकडासारखं फिरवल्या जाणाऱ्या स्वतःकडेच तो बघतो आणि गेलेलं वैभव आठवतो.

हे दोहे खरंच मुंजाचे का? बहुधा नाहीत. ग्रंथ तीनशे वर्षांनंतरचा आहे. पण मुंजाला उद्देशून असलेला एक दोहा बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणातही आहे. म्हणजे तोवर त्याची कथा दोह्यांतून लोकांच्या तोंडी बसली होती. इतिहासाला ठाऊक आहे ते एवढंच: 994 च्या सुमारास अमितगती या जैन ग्रंथकारानं आपला ग्रंथ पुरा केला तेव्हा मुंज गादीवर होता आणि 997 मध्ये तैलप वारला. मुंजाचा शेवट या दोहोंच्या मधला. चालुक्यांच्या लेखांत तो फक्त विजय म्हणून येतो. मुंजाच्या दरबारातला कवी पद्मगुप्त मात्र सांगतो की, जाताना मुंजानं माझ्या वाणीवर मोहोर लावली होती. पुढे मुंजाचा धाकटा भाऊ सिंधुराज यानं ती फोडली.

अठराव्या शतकात मराठे पवार उलट वाटेनं, दक्षिणेतून माळव्यात आले. धारची गादी आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पाती त्यांच्या. आणि ते स्वतःला परमारांचे वंशज म्हणवत. मुंजाची कथा पडद्यावरही आली: 1943 च्या 'पृथ्वीवल्लभ' या चित्रपटात सोहराब मोदी मुंज झाले आणि मृणालवती झाल्या आपल्या दुर्गाबाई खोटे.

ताम्रपटांनी जेत्याचा विजय जपला. परमुलखात मेलेल्या बंदिवानाचं सुतक पाळलं ते दोह्यांनी, आणि आज लोकांना आठवतो तो मुंजच.