स्वस्त हप्ता, महाग दवाखाना

हुबळी-धारवाडात निवृत्त माणूस गल्लोगल्ली भेटतो. हुबळीत गदग रोडवर दक्षिण-पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची कचेरी. धारवाडात कर्नाटक विद्यापीठ आणि कृषी विद्यापीठ. दोन्हीकडे बँका आणि शाळा-कॉलेजं. इथे नोकरी केलेली बरीच माणसं इथेच घर बांधून राहिली. मालमड्डी, सप्तापूर, विद्यानगर या भागांत सकाळी फिरायला निघालेल्यांचं बोलणं ऐकलं तर दोन विषय हमखास येतात: पेन्शन आणि दवाखाना. रेल्वेतून सुटलेल्याकडे उपचारांची सोय असते. प्राध्यापकाकडे पेन्शन असते, पण दवाखान्याचं त्याला स्वतःलाच बघावं लागतं. दाजीबान पेठेत उभा जन्म दुकान चालवलेल्याकडे यातलं काहीच नसतं. आरोग्यविमा घ्यायची वेळ आली की मात्र तिघेही एजंटाला पहिला प्रश्न एकच विचारतात: हप्ता किती?

हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आधी तो विचारला की पुढचं सगळं बोलणं स्वस्त-महाग याच वाटेने जातं, आणि पॉलिसीतल्या ज्या चार ओळींवर दवाखान्यातलं बिल ठरतं त्या वाचायच्या राहून जातात.

अमेरिकेत हा प्रश्न पहिला विचारला तरी चालतो, त्याला कारण आहे. आपल्यातल्या कित्येक घरांची मुलं तिकडे आहेत, त्यामुळे मेडिकेअर हे नाव इथेही ओळखीचं झालंय. १९६५ साली मंजूर झालेली ही ६५ वर्षांवरच्यांची सरकारी योजना डॉक्टरांच्या बिलाचा साधारण ८० टक्के भाग देते. उरलेल्या २० टक्क्यांना कमाल मर्यादा नाही. ते भरून काढायला लोक खासगी पुरवणी विमा घेतात, त्याला मेडिगॅप म्हणतात. १९९० च्या कायद्याने या पुरवणी पॉलिसींचे ठरावीक साचे बांधून दिले आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. तीन राज्यांचा अपवाद सोडला तर ‘जी’ अक्षराची पॉलिसी कुठल्याही कंपनीकडून घ्या, आतला माल एकच. फरक फक्त दराचा. म्हणून तिथे दरांची तुलना हीच खरी तुलना ठरते. शिवाय वयाच्या ६५ व्या वर्षी मेडिकेअरच्या दुसऱ्या भागात नाव नोंदवल्यापासून सहा महिने कुठलीही कंपनी आजाराचं कारण सांगून नकार देऊ शकत नाही.

आपल्याकडे असा साचा बांधायचा एक प्रयत्न झाला, तो म्हणजे ‘आरोग्य संजीवनी’. विमा नियामकाने एप्रिल २०२० पासून ही पॉलिसी ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. नावही सगळीकडे तेच, पुढे फक्त कंपनीचं नाव. अटी सारख्या: प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के वाटा रुग्णाचा, खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ५ टक्के आणि जास्तीत जास्त १०,०००, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेचा चौथा हिस्सा किंवा ४०,००० यांतली लहान रक्कम. अटी एक असूनही कंपन्यांचे दर मात्र वेगवेगळे. तेव्हा आरोग्य संजीवनी घ्यायची असेल तर हप्ता पहिला विचारा, खुशाल स्वस्तातली निवडा. फक्त त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आपला दवाखाना आहे ना, तेवढं बघा. कर्नाटक सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या योजनेचं नावही याच्या जवळ जाणारं आहे. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, हे ध्यानात असू द्या.

बाकी सगळ्या पॉलिसी वेगवेगळ्या घडणीच्या. त्यात आधी बघायची ती खोलीच्या भाड्याची मर्यादा. समजा विमा तीन लाखांचा आणि खोलीला एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. रुग्णाला ६,००० च्या खोलीत ठेवलं. घरच्यांना वाटतं, वरचे तीन हजार रोजचे आपण भरू. तसं होत नाही. खोली दुप्पट भाड्याची म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यांचं अर्धंच बिल कंपनी मान्य करते. दोन लाखांच्या बिलातले साठ-सत्तर हजार असे सहज अंगावर येतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तूंना ही कात्री लावता येत नाही, असा नियामकाचा २०२० पासूनचा नियम आहे. ज्या दवाखान्यात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथेही ती लागत नाही. बिल हातात आल्यावर हे दोन मुद्दे आठवले तर वाद घालता येतो. पण साठीनंतर पॉलिसी घ्यायची तर खोलीची मर्यादा नसलेली, निदान ‘सिंगल एसी खोली’ असं स्पष्ट लिहिलेली घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी ओळ को-पेची, म्हणजे प्रत्येक बिलात रुग्णाने भरायच्या वाट्याची. ज्येष्ठांसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसी स्वस्त दिसतात त्यामागे बहुतेक वेळा हीच अट असते. हिशोब असा मांडा. एका पॉलिसीचा हप्ता वर्षाला ३२,००० आणि को-पे नाही. दुसरीचा २४,००० आणि को-पे २० टक्के. वर्षाला आठ हजार वाचले. मग एका वर्षी तीन लाखांचं बिल आलं, त्यातले ६०,००० खिशातून गेले. साडेसात वर्षांची बचत एका ऑपरेशनात संपली. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण तुमच्या हातातल्या दोन कोटेशनांवर हीच भागाकाराची रीत लावा. उत्तर पंधरा वर्षांचं आलं तर महाग पॉलिसी बरी. तीन-चार वर्षांचं आलं आणि गाठीला थोडी ठेव असेल तर स्वस्त चालेल.

को-पेचा एक प्रकार आपल्या भागातल्या माणसाला विशेष लागू पडतो. अनेक कंपन्या गावाप्रमाणे झोन पाडून दर लावतात. हुबळीचा पत्ता दिला की मुंबई-दिल्लीपेक्षा हप्ता कमी बसतो. पण मोठा आजार निघाला की आपण जातो बेंगळुरूला, नाहीतर मुलगा पुण्याला असतो म्हणून तिकडे. काही पॉलिसींत कमी दराच्या झोनमधल्या माणसाने वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा काही टक्के हिस्सा त्याच्याकडून घेतात. सत्तूरच्या एसडीएम दवाखान्यातच सगळं करणार असाल तर प्रश्न नाही. मुलाकडे जाऊन राहण्याचा विचार असेल तर वरच्या झोनचा हप्ता आजच भरावा.

मोतीबिंदू, गुडघे, हर्निया, प्रोस्टेट यांच्या वेगळ्या मर्यादा तिसऱ्या ओळीत असतात. साठीनंतर नेमकी हीच ऑपरेशनं होतात, तेव्हा त्या वाचल्याशिवाय सही करू नये.

चौथी ओळ आधीपासूनच्या आजारांची. शुगर, बीपी, जुनं हृदयाचं दुखणं यांसाठीचा वेटिंग पीरियड, म्हणजे क्लेम मिळायच्या आधीची थांबायची मुदत, पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षं होता. १ एप्रिल २०२४ पासून तो तीन वर्षांवर आला. पाच वर्षं पॉलिसी अखंड चालू राहिली की ‘तुम्ही आजार लपवला’ असं म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. ही मुदत आधी आठ वर्षांची होती. याचा अर्थ आजार लपवावा असा मुळीच नाही. फॉर्म भरताना कुणी म्हणालं, ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल’, तर तिथेच थांबावं. क्लेमच्या वेळी जुन्या डॉक्टरची चिठ्ठी बाहेर येते आणि भरलेले सगळे हप्ते वाया जातात. निदान ६५ वर्षांपर्यंत प्रवेश द्यावा एवढंच सांगणारी पूर्वीची चौकटही आता नाही. सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवाव्यात असं नियम सांगतो. मात्र एखाद्या व्यक्तीला तपासणीनंतर नकार द्यायचा अधिकार कंपनीकडे आहे. अमेरिकेतल्यासारखी सहा महिन्यांची हक्काची मुदत इथे नाही, म्हणून निवृत्तीची वाट न पाहता पंचावन्न-सत्तावन्नलाच पॉलिसी चालू करून ठेवावी. तीन वर्षांचा वेटिंग पीरियड नोकरीत असतानाच संपतो.

आता मुख्य गोष्ट. मेडिगॅपसारखी वरची पुरवणी आपल्याकडेही मिळते. तिला सुपर टॉप-अप म्हणतात, आणि ज्यांच्याकडे खालचा थर आहे त्यांनी अख्खी नवी पॉलिसी घ्यायची गरज नसते. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च तुमचा किंवा तुमच्या मूळ विम्याचा, त्यापुढचा सुपर टॉप-अपचा. त्या ठरलेल्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. ती जितकी मोठी तितका हप्ता कमी, म्हणून दहा-वीस लाखांचं वरचं संरक्षण तेवढ्याच रकमेच्या मूळ पॉलिसीपेक्षा बरंच स्वस्तात मिळतं. नुसतं ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ यांत मात्र मोठा फरक आहे. डिडक्टिबल तीन लाख धरा आणि एका वर्षात अडीच-अडीच लाखांची दोन बिलं आली असं समजा. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो. एकही बिल तीन लाखांवर नाही, म्हणून एक रुपयाही मिळत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो. पाच लाखांतून तीन वजा जाऊन दोन लाख मिळतात. पतीपत्नी दोघंही सत्तरीकडे झुकलेली असताना वर्षात दोनदा दवाखान्यात जावं लागणं अजिबात दुर्मीळ नाही.

निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना हे सर्वांत जास्त उपयोगी पडेल. इंडियन बँक्स असोसिएशनची सामूहिक पॉलिसी २०१५ मध्ये सुरू झाली. निवृत्तांना तिचा हप्ता स्वतः भरावा लागतो, आणि तो इतक्या वेगाने वाढत गेला की अनेकांनी वैतागून पॉलिसी सोडली. सोडू नये असं मला वाटतं, कारण समूहात आधीचे आजार धरले जातात. मूळ रक्कम कमी ठेवून वर बाहेरचा सुपर टॉप-अप घेता येतो का, हा हिशोब करावा. त्या पॉलिसीचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं. सुपर टॉप-अपही त्याच तारखेपासून घ्या. वर्षं वेगळी असली की एकच आजार दोन वर्षांत विभागला जातो आणि डिडक्टिबल दोन्हीकडे अपुरं राहतं.

रेल्वेवाल्यांची गोष्ट वेगळी. निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरलेल्याला रेल्वेच्या दवाखान्यात, आणि तिथून रेफर केल्यास बाहेरही, उपचार मिळतात. ही सोय मोलाची आहे, ती हातची सोडू नये. पण पहिले तीन लाख रेल्वे देईल या भरवशावर सुपर टॉप-अप घेतला आणि रेफर न होता परस्पर खासगी दवाखान्यात गेलात, तर ते तीन लाख तुम्हालाच उभे करावे लागतील. तेवढी ठेव बाजूला ठेवून मगच हा मार्ग धरावा.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी आधी सरकारी योजनेत आपलं स्थान बघावं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, तर एपीएल कुटुंबाला ठरीव दराच्या ३० टक्के आणि जास्तीत जास्त दीड लाख अशी तरतूद आहे. मोठ्या उपचारांसाठी सहसा सरकारी दवाखान्यातून, म्हणजे हुबळीकरांसाठी किम्समधून, रेफरल लागतं. ७० वर्षांवरच्या सर्वांसाठी केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ ला वय वंदना कार्ड आणलं. त्याला उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतो. योजना राज्याच्या यंत्रणेतून चालते, म्हणून आपल्या दवाखान्यात कार्ड घेतलं जातं का हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारून ठेवावं, आजारपण येण्याची वाट पाहू नये.

एवढं झालं की मग हप्ता. कोटेशन मागताना आजच्या वयाचा एकच आकडा घेऊ नका. ६१ ते ६५, ६६ ते ७०, ७१ ते ७५, ७६ ते ८० अशा प्रत्येक वयोगटाचा दर तक्त्यात असतो; तो मागून दहा वर्षांची बेरीज करा. आज स्वस्त असलेली पॉलिसी पंचाहत्तरीला सर्वांत महाग निघू शकते, आणि त्या वयात कंपनी बदलणं अवघड असतं. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने सांगितलं की साठीवरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी सल्लामसलत करा. दिलासा आहे, पण दरसाल १० टक्के म्हणजेही सात वर्षांत जवळजवळ दुप्पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, म्हणून त्याआधीचं कोटेशन आजच्याशी ताडून पाहू नका. सामूहिक पॉलिसीला ही सूट नाही; बँकेच्या निवृत्तांनी तुलना करताना हे धरावं.

पॉलिसी आली की तीस दिवसांत ती परत करता येते. सोबत ग्राहकासाठी माहितीपत्रक असतं, दोन-चार पानांचं. मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावं असा नियम आहे. ते घेऊन वर सांगितलेल्या चारही ओळी त्यात शोधा, डिडक्टिबलचा आकडा बघा, आणि एजंटाने तोंडी सांगितलेलं तिथे नसेल तर तीस दिवस संपायच्या आत लेखी विचारा. क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा; महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.