जुन्या मालमोटारीचा डिफ्रन्शियल आणि त्याचा खर्च

वर्धा जिल्ह्यांत कापसाचा हंगाम सुरू झाला, कीं हिंगणघाट, पुलगांव, आर्वी या बाजारपेठांच्या वाटेवर मालमोटारींची वर्दळ वाढते. त्यांतील कित्येक गाड्या लाखो किलोमीटर चाललेल्या असतात. ऐन हंगामांत एखादीच्या मागच्या आंसांतून घूंघूं आवाज येऊं लागला, म्हणजे मालकाच्या पोटांत गोळा उठतो. भाडें बुडणार, आणि दुरुस्ती किती खाणार याचा अंदाज नाहीं!

गाडी वळतांना बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. चाकांमधील अंतर दीड मीटर धरलें, तर एका पूर्ण फेऱ्यांत हा फरक सुमारें 9.4 मीटर भरतो. तो सांभाळण्याचें काम डिफ्रन्शियल करतो. पेकर नांवाच्या फ्रेंच कारागिरानें 1828 च्या सुमारास ही युक्ति काढली. पांदणीच्या चिखलांत एक चाक गरगरा फिरतें व दुसरें स्तब्ध राहतें, तेंहि याच युक्तीमुळें. आणि अशा वेळीं आंतल्या लहान दंतचक्रांची फार झीज होते.

एंजिनाची फिरत पिनियनकडून क्राऊनच्या मोठ्या चाकाला मिळते. हें जोडपें कारखान्यांतच एकमेकांशीं जुळविलेलें असतें. म्हणून एकाचा दात तुटला तरी दोन्हीं बदलावीं लागतात. खर्चाचा मोठा वाटा येथेंच जातो. त्याखालोखाल बेअरिंगें, सील, शिम व तेल त्या मानानें किरकोळ. मजुरी मात्र मालकाला नेहमींच जास्त वाटते. दातांमधील मोकळीक मिलिमीटरच्या एकपंचमांशाच्या आसपास राखावयाची, दातांना रंग लावून ठसा पाहावयाचा, तो कडेला पडला तर शिम बदलून सारें पुन्हां जुळवावयाचें; कसबी मेकॅनिकचा दिवस यांतच सरतो. भंगारांतून एका गाडीचें क्राऊन व दुसरीची पिनियन आणून बसविणारे असतात. त्यांची बचत थोड्याच दिवसांत ओरडूं लागते.

खरी हळहळ वाटते ती गळक्या सीलची. तें वेळीं न बदलल्यामुळें तेल आटतें, प्रथम बेअरिंग जातें, मग पिनियन डळमळते आणि दात खाऊं लागते. नाल्याच्या पाण्यांतून गाडी काढल्यावर तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें, तर पाणी आंत शिरलें असें समजावें.

डिफ्रन्शियल खोलण्यापूर्वीं तेल पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहावें. नुसती करडी चमक दिसली तर ती बहुधा सामान्य झीज असते. दाताचा तुकडा निघाला, तर क्राऊन-पिनियनचे पैसे जवळ ठेवूनच गाडी मेकॅनिकच्या दारीं न्यावी.