आधी रस्ता की आधी विद्यापीठ?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीला विद्यापीठासाठी २०११ पर्यंत वाट पाहावी लागली. नागपूर विद्यापीठाचे विभाजन करून झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे आहेत. वैद्यकीय महाविद्यालय चंद्रपुरात २०१५ मध्ये आले, गडचिरोलीत थेट २०२४ मध्ये.

रस्त्यांना पैसा मिळण्याच्या वाटा मात्र अनेक. नक्षलप्रभावित भागांसाठी केंद्राने २०१६ मध्ये ४४ जिल्ह्यांची स्वतंत्र रस्ते योजना मंजूर केली. मोठ्या महामार्गांसाठी रस्ते विकास महामंडळ कर्ज काढते आणि टोलमधून फेडते. वाचनालयाच्या दारात टोलनाका बसत नाही. इमारत अनुदानाच्याच भरवशावर उभी राहते. खरी विषमता इथे आहे. एरवी उच्च शिक्षणाच्या 'रुसा' योजनेत (२०२३ पर्यंत) आणि ग्रामसडक योजनेतही केंद्र-राज्य वाटा ६०:४० असाच.

म्हणून रस्ते नकोत, असे मात्र कोणी म्हणू नये. जिल्ह्यातल्या सिरोंचा ते गडचिरोली शहर हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या विद्यार्थिनीला पूल हाच कॉलेजचा पहिला जिना. पण सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांची चाळण करतात, त्यांच्या डागडुजीचा खर्च शिक्षणाच्या तुलनेत मांडणे लबाडीचे आहे. तो खाणीच्या हिशेबात धरावा.