प्रिंटर बदलला, रिपोर्ट सरकला

सबरिपोर्ट आज घेणार होतो, पण ते राहू द्या. एका पतसंस्थेतल्या वाचकाचं पत्र आलंय आणि ते वाचून मला राहवत नाहीये. सभासदांची यादी छापली की प्रत्येक पानामागे एक कोरं पान निघतं. ‘रिपोर्टला कुणी हात लावलेला नाही, फक्त प्रिंटर नवा आणलाय.’

अहो, मग हात लागलाच की!

मापं पाठवलीत हे बरं केलंत. ए-फोर कागद 8.27 इंच रुंद. ॲक्सेसमधला तुमचा रिपोर्ट 7.8 इंच, डावी-उजवीकडे 0.2 इंच मार्जिन. बेरीज 8.2, म्हणजे जेमतेम बसत होतं. पण ऑफिसातला साधा प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. चारी बाजूंना थोडी पट्टी सोडतोच, आणि ती प्रत्येक मॉडेलची वेगळी. नव्याची पाव इंच असली, की ॲक्सेस 0.2 चे 0.25 करून टाकतो. बेरीज 8.3! वर आलेला तो सुताएवढा तुकडा वेगळ्या पानावर जातो. त्यात छापण्यासारखं काहीच नसतं, म्हणून पान कोरं.

डिझाइनमध्ये जाऊन रिपोर्टची उजवी कड 7.5 वर आणा. सरकत नसेल तर तिथे काहीतरी अडकलंय, बहुधा शीर्षकाखालची रेघ. आधी ती आखूड करा.

खरा छळ छापील पावत्यांचा. डॉट मॅट्रिक्स असताना फॉक्सप्रोत ‘सेट मार्जिन टू’ लिहायचं, आणि तरीही रक्कम चौकटीबाहेर पडली तर सरळ ट्रॅक्टर सरकवायचा. लेझर प्रिंटरला सरकवायला काही नाही. ॲक्सेस 97 मध्ये तर मार्जिन कोडमधून बदलायची म्हणजे ‘पीआरटीमिप’चे बाइट मोजत बसायचं. 2002 च्या आवृत्तीत प्रिंटर ऑब्जेक्ट आला आणि सुटलो.

तेव्हापासून मी एक छोटं टेबल ठेवतो: प्रिंटरचं नाव, डावी मार्जिन, वरची मार्जिन. पावती उघडताना कोड चालू प्रिंटरचं नाव त्यात शोधतो आणि ते आकडे लेफ्टमार्जिन, टॉपमार्जिनला देतो. आकडे ट्विपमध्ये, इंचाला 1440. माप घेताना छापील पावत्या वाया घालवू नका. साध्या कागदावर छापा, तो कोऱ्या पावतीवर ठेवून खिडकीच्या काचेला लावा आणि फूटपट्टीने फरक मोजा. 3 मिलिमीटर असेल तर 170 ट्विप.

एक खोच मात्र आहे. प्रिंटर दुरुस्तीहून आला आणि पुन्हा जोडला, की विंडोज कधीकधी त्याच्या नावापुढे ‘कॉपी 1’ चिकटवतं. मग टेबलात नाव सापडत नाही आणि पावती पुन्हा सरकते. माझ्या टेबलात एकाच प्रिंटरच्या तीन नोंदी आहेत.