एकाच थाळीतल्या वड्या

खोबऱ्याच्या वड्या थापलेली गोल थाळी डोळ्यांसमोर आणा. आई सुरीने चौकोन पाडते, कडेचे वेडेवाकडे तुकडे आपण तिथेच मटकावतो. ग्राफिक्स चिपचा फंडा अगदी हाच. थाळी सिलिकॉनची, ३०० मिलिमीटर व्यासाची, नाव वेफर. फरक इतकाच, की इथे बारीकसा कण पडला तरी वडी बाद! समजा, वीस ठिकाणी कण पडले. छोट्या दोनशे वड्या असतील तर एकशे ऐंशी उरल्या. मोठ्या पन्नासच असतील तर उरल्या जेमतेम तीस. थाळीचा खर्च मात्र तोच. थाळीमागे किती धड निघाल्या, त्याला या धंद्यात ‘यील्ड’ म्हणतात. तुमच्या कार्डाची किंमत बरीचशी तिथेच ठरते.

मग डागी वड्या फेकायच्या? छे! चिपवर एकसारखे हजारो छोटे कोअर्स असतात. खराब भाग बंद करायचा आणि तीच चिप खालच्या मॉडेलच्या नावाने विकायची. कधी कधी तर ठणठणीत चिपचेही भाग मुद्दाम बंद करतात, कारण स्वस्त मॉडेलला गिऱ्हाईक जास्त. बिझनेस आहे, बॉस!

डोंबिवली ईस्टचा माझा मावसभाऊ ठाण्यातल्या आर्किटेक्ट्सना थ्रीडी व्ह्यूज करून देतो. घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर पाया खणायच्या आधीच जो स्विमिंग पूल दिसतो ना, तो अशाच कुणीतरी रात्र जागून रेंडर केलेला असतो. २०२५च्या दिवाळीत त्याला कार्ड घ्यायचं होतं. आरटीएक्स ५०८० की ५०७० टीआय? एनव्हिडियाने जानेवारीत भारतासाठी जाहीर केलेल्या किमती १,०७,००० आणि ८०,००० रुपये. मधले २७ हजार म्हणजे त्याच्या फ्लॅटचा जवळजवळ एक हप्ता. ‘‘ताई, महागातलं घेतलेलं बरं ना?’’ म्हटलं, अरे, चिप एकच आहे! एकीत १०,७५२ कोअर्स चालू, दुसरीत ८,९६०. मेमरी दोन्हीकडे १६ जीबी. कोअर्स वीस टक्के जास्त आणि पैसे जवळपास चौतीस टक्के जास्त. त्याने ५०७० टीआय घेतलं. रेंडर थोडा उशिरा संपतो, एवढंच.

मला मात्र राहून राहून २००८ आठवतं. तेव्हा कल्याण-डोंबिवलीची पोरं दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायची आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायची. त्या जूनमध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स २८० काढलं, ६४९ डॉलरला. तेव्हाच्या दराने जवळपास २८ हजार रुपये. चिप अवाढव्य, ५७६ चौरस मिलिमीटर. हिशेब केला तर वेफरवर साधारण ९५ मावतात. त्याच महिन्यात एएमडीने रेडिऑन एचडी ४८७० आणलं, अवघ्या २९९ डॉलरला. चिप २५६ चौरस मिलिमीटर, म्हणजे वेफरवर २३०च्या आसपास. परफॉर्मन्स ३९९ डॉलरच्या जीटीएक्स २६०च्या तोडीस तोड. जुलैतच एनव्हिडियाने २८०चे दीडशे आणि २६०चे शंभर डॉलर उतरवले. महिन्याभरात! आणि या दोघांच्याही चिप्स बनत होत्या कुठे, तर तैवानच्या टीएसएमसीत. आचारी एकच, भांडण पंगतीत.

आचारी अजूनही तोच आहे. भांडण मात्र अर्धंच उरलंय. मार्च २०२५मध्ये एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला आलं, ७४९ डॉलरच्या ५०७० टीआयला थेट भिडणारं. त्याच्या वर एएमडी उतरलीच नाही. १,९९९ डॉलरला आलेलं आरटीएक्स ५०९० तिथे प्रतिस्पर्ध्याविना मिरवतंय. आणि गंमत बघा, या सगळ्यात महागड्या कार्डातही चिप पूर्ण चालू नाही, २४,५७६पैकी २१,७६० कोअर्सच. डागी वडी, चांदीचा वर्ख लावलेली!

गेमिंगपुरतं कार्ड हवं असेल, तर दुकानात ९०७० एक्सटीचा भाव जरूर विचारा. रेंडरवाल्यांना तेवढीही सोय नाही. त्यांची बरीच सॉफ्टवेअर्स वर्षानुवर्षं एनव्हिडियाच्या ‘कुडा’वर बेतलेली आहेत, त्यामुळे समोरचं दुकान स्वस्त असलं तरी त्यांना रस्ता ओलांडणं अवघडच जातं.