बाळ लहानखुरं, तरी अंगात चरबी?

पुण्यात झालेलं हे संशोधन घराघरांत पोहोचायला हवं!

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

👉 जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. अशा प्रतिरोधामुळे पुढे मधुमेहाचा धोका वाढतो.

👉 पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती.

ब-१२ दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं; डाळ-भाजी-भाकरीत जवळजवळ नसतंच. फोलेट देणारी फोलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र मनाने बंद करू नका. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूच्या वाढीसाठी ती लागतेच.

घरात कुणी आई होणार असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर ब-१२ ची तपासणीही डॉक्टरांना आवर्जून विचारा!