‘गॅस संपलाय’ म्हणण्याआधी

गाडीच्या एसीतून गरम हवा आली की पहिला सल्ला ठरलेला: गॅस भरा. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती शोधायला हवी, आणि सांध्यावरचा तेलकट, धूळ चिकटलेला डाग ती बऱ्याचदा दाखवतो. रबरी नळ्यांतून थोडा गॅस झिरपतोच, हा आक्षेप खरा. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला यंदा संपतो, एवढा नाही. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा पाहावा. तो बंद असेल तर गेजवर हाय साइडचा दाब उलट चढलेला दिसतो. त्यात आणखी गॅस कोंबणं म्हणजे कॉम्प्रेसरच्या जिवावर उठणं.